शिंपली मॅडमचे पाहुणे

आमच्या शेजारच्या शिंपली मॅडम नव्या माणसाला आधी विचारत, "तुमच्यात बापाचं काय आलं?" कोणी नाक सांगे, कोणी राग. मग त्या म्हणत, "पेशीतली चूल मात्र आईचीच."

मुलांनो, पेशीला शक्ती पुरवणाऱ्या भागाला त्या चूल म्हणत. त्याचा डीएनए आपल्याला फक्त आईकडून मिळतो. शिंपल्यांच्या काही जातींत मात्र बापही स्वतःचा देतो, पण फक्त मुलग्यांना, आणि तो मुख्यतः त्यांच्या बीजात राहतो. अकोल्याच्या आमच्या कॉलेजात त्या प्राणिशास्त्र शिकवत, मी इंग्रजी. पूर्णा नदीतल्या शिंपल्यांत असं आहे का, हे निवृत्तीआधी पाहायचंच, असा त्यांचा ध्यास होता.

ती वर्षं वाईट होती. कपाशी करपलेली, खेड्यांतून येणाऱ्या बातम्या ऐकवत नसत. नदीत उरलेल्या शेवटच्या डोहाला काठचे शेतकरी गुलाबभाऊ पाणी उपसायचं इंजिन लावणार होते, वांगी जगवायला. मॅडम मला घेऊन तिथे पोचल्या.

"भाऊ, आधी मले शिंपल्या काढू द्या. यायचा बाप शोधून राहिली मी."

"मंग पोलीस ठाण्यात जा ना बाई," म्हणत भाऊंनी स्वतःच घमेलं आणलं.

शिंपल्या आमच्या ड्रममध्ये आल्या. नळाचा नेम नव्हता. "माणसाले प्यायले पाणी नाही, अन् हिचे पाहुणे पोहून राहिले," असं म्हणत माझ्या सासूबाईच ड्रमवर ओलं पोतं टाकत.

आमच्या शिंपल्यांत नर-मादी बाहेरून ओळखू येईना. कापूनच पाहावं लागे. मॅडमनी कापलेल्या सगळ्या माद्या निघाल्या. नर उरलेल्यांतच असणार होता, आणि डीएनए तपासणारी पुण्याची प्रयोगशाळा त्याच्या नमुन्यासाठी थांबली होती. तेवढ्यात भाऊंचा निरोप आला, डोह कोरडा पडला, एकही शिंपली उरली नाही. मॅडमनी सुरी पुसून ठेवली.

"काहून वं?" सासूबाईंनी विचारलं.

"बाप भेटंल मावशी. पण नदीत काय सोडू?"

नदी वाहू लागल्यावर आम्ही बादली घेऊन बसने गेलो. भाऊंनी एकेक शिंपली चिखलात बसवली. पुण्याला मॅडमनी कळवलं, "नमुना नदीत आहे."

निवृत्तीनंतर त्या माहेरी अंजनगावला निघाल्या. सामान टेम्पोत चढत असताना गुलाबभाऊ आले. ओल्या फडक्यात नव्या, नखाएवढ्या शिंपल्या होत्या.

"घ्या बाई. होता बाप त्यायच्यात."

मॅडमनी त्या तळहातावर घेऊन बराच वेळ पाहिल्या. मग फडकं पुन्हा भिजवून भाऊंच्या हातात दिलं.

"ऊन व्हायच्या आत नेऊन सोडा, भाऊ."