फ्यूज नामदेवच्या खिशात

शपथेवर सांगतो, यातलं सगळं खरं आहे. म्हणजे बरंचसं. वायरमनचं काम शिकलेल्या माणसाजवळ किस्से साठतातच, कारण भ्यालेला माणूस काही विसरत नाही. आणि आम्ही चांद्याला शिकत होतो तेव्हा सदोदित भ्यालेलेच असायचो.

वीज तेव्हा नवी. शिकवायला करीमभाऊ, डाव्या हाताची बोटं करंटनं आखडलेली. पहिल्याच दिवशी त्यांनी विचारलं, "करंटचं भेव कोणाले नाई वाटत?"

एका पहिलवानानं ऐटीत हात वर केला.

"तू घरी जा बापा. तुह्या मायले तोंड दाखवाची हिंमत माह्यात नाई."

पहिलवान खरंच गेला. आम्हाला त्याचा हेवा वाटला.

*

तार बंद असली तरी तिला आधी हाताची पाठ लावायची, हा दुसरा धडा. तळहात लावला आणि करंट असला, तर मूठ मिटते. मग तार सुटत नाही.

आमच्यातला नामदेव इतका धसकला की पाण्याचा गडवा, दाराची कडी, सायकल, सगळ्याला आधी हाताची पाठ. त्याच्या लग्नात भटजीनं नवरीचा हात पुढे केला, तिथंही तेच.

"मले काऊन तपासून राह्यले जी?" नवरी म्हणाली.

करीमभाऊ मांडवातच होते. म्हणाले, "पोट्टा तयार झाला."

*

चांद्याबाहेर जंगलाला लागून लाकडाचा डेपो होता. तिथपर्यंत नुकतीच लाइन गेलेली. करीमभाऊंचा कायदा असा, की खांबावर चढणाऱ्यानं डेपोच्या चौकीतला फ्यूज काढून स्वतःच्या खिशात ठेवायचा. तो वर असताना कोणी चुकूनही लाइन चालू करायला नको.

दिवस मावळताना नामदेव चढला. दोरीनं स्वतःला खांबाला बांधून तारेचा जोड करू लागला. करीमभाऊ आणि मी चौकीत. अंधारून आलं तसा वरून त्याचा आवाज आला, अगदी दबका.

"भाऊ, खाली वाघ बसला आहे."

करीमभाऊंनी दार लोटून घेतलं. दिवे लावले तर वाघ उठून जाईल. पण फ्यूज नामदेवच्या खिशात. त्यांनी तांब्याच्या तारेचा तुकडा उचलला आणि खिडकीतून ओरडले, "फ्यूजच्या जागी हे बांधतो. उजेड पडला का जाईन तो. तू तारेले हात नको लावू."

"हात कुठी ठेवू? माह्या चारी बाजूनं ताराच आहेत."

करीमभाऊंचा हात बोर्डापाशी थांबला.

"राहू द्या भाऊ," वरून आवाज आला. "त्यानं अजून काई नाई केलं. तुम्ही बी काई करू नका."

आम्ही तसेच बसून राहिलो. शेवटी लाकडाची लॉरी आली. तिच्या उजेडात खांबाखाली कोणी नव्हतं. नामदेवला उतरवलं, तेव्हा फ्यूज त्याच्या मुठीत होता आणि मूठ उघडत नव्हती.

आता खोटं कोणतं तेही सांगून टाकतो. वाघ मी घातला. नामदेवनं वरून पहिल्यांदा विचारलं होतं ते असं: "करीमभाऊ, तुम्ही खांबाखाली काऊन बसून राह्यले?"

करीमभाऊ तेव्हा चौकीत होते. माझ्या शेजारी.