लॅमिनेट केलेला कागद

जर्मनीतली नोकरी सोडून मी ब्रिस्टलला आलो, तेव्हा गाडी तिकडेच विकून ये असा सल्ला मला भेटेल त्याने दिला. स्टिअरिंग डावीकडे, इंग्लंडातले रस्ते उलटे, आणि नोंदणीचा ताप वेगळाच. मी कोणाचं ऐकलं नाही. करड्या रंगाची, पाच वर्षं जुनी, मागच्या दारावर ओरखडा असलेली ती गाडी आमच्या घराण्यातलं पहिलं चारचाकी वाहन होतं. फ्रान्सच्या किनाऱ्यापर्यंत चालवत, पुढे बोटीवर चढवून मी ती स्वतः आणली. मला त्याचा अभिमान होता. अजूनही आहे.

कागदपत्रांचं मला भय नव्हतं. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेला मी पहिला, आणि इंजिनिअर होऊन उतरलो. अण्णा, म्हणजे माझे वडील, तालुक्याच्या कचेरीत शिपाई होते. भिजलेला, घामाने विरलेला, घडीवर फाटलेला कागद घेऊन आलेली माणसं साहेबाच्या टेबलापासून परत जाताना त्यांनी तीस वर्षं पाहिली. त्यामुळे माझी दहावीची मार्कशीट ज्या दिवशी हातात आली, त्याच दिवशी ती एस.टी. स्टँडसमोरच्या झेरॉक्सवाल्याकडून लॅमिनेट होऊन घरी आली. पुढे बारावीची, मग डिग्री. अण्णा ते प्लास्टिक बोटाने वाजवून बघायचे आणि म्हणायचे, "आता याला काही होत नाही."

जर्मनीत एका सुपरमार्केटमध्ये लॅमिनेशनचं मशीन विकायला दिसलं, तेव्हा मी ते विचार न करता उचललं. घरभाड्याचा करार, लग्नाचं सर्टिफिकेट, मुलीचा जन्मदाखला, सगळं प्लास्टिकात गेलं. गाडीच्या मालकीचा जर्मन दाखला तर सर्वांत आधी. नक्षीचा, पातळ, फार नाजूक कागद होता. तो तसाच ठेवायचा मला धीरच झाला नसता.

यात गाडी माझ्या हौसेची राहिली असती तर काही बिघडलं नसतं. पण त्या जुलैमध्ये ती माझ्या बायकोची गरज झाली. ती डॉक्टर. इथली परीक्षा पास होऊन आठ महिने घरी बसली होती. रोज अर्ज, रोज नकार. शेवटी ब्रिस्टलपासून चाळीस मैलांवरच्या एका लहान गावातल्या हॉस्पिटलने तिला सहा महिन्यांची नोकरी दिली. ऑगस्टच्या पहिल्या बुधवारी, सकाळी आठला हजर व्हायचं. इथे सगळे ज्युनिअर डॉक्टर त्याच दिवशी रुजू होतात, मागेपुढे होत नाही. पहिली बस तिथे पावणेदहाला पोचायची. हॉस्पिटलची खोली मिळत होती, पण एकटीची, आणि आमची मुलगी अडीच वर्षांची.

"गाडी आहे की!" मी म्हटलं.

गाडी होती. पण तिच्यावरची जर्मनीची तात्पुरती पाटी आणि तिचा विमा जुलैअखेर संपणार होता. त्याआधी ब्रिटिश नंबर मिळाला नाही, तर गाडी नुसती दारात उभी राहणार.

"ऑफिसात कोणाला तरी विचार," बायको म्हणाली. "कोणीतरी केलं असेलच हे."

"एक फॉर्म भरायला मला माणूस लागत नाही."

"बरं, साहेब."

फॉर्म मी खरंच नीट भरला. कंपनीकडून गाडीच्या बनावटीचं प्रमाणपत्र मागवलं. गल्लीतल्या गॅरेजवाल्याने मागचा धुक्याचा दिवा डावीकडून उजवीकडे नेला, पुढच्या दिव्यांचा झोत इथल्या रस्त्यांसाठी फिरवला, मैलांचा आकडा दिसेल अशी पट्टी स्पीडोमीटरवर लावली. मग वार्षिक तपासणी, इथे तिला एम.ओ.टी. म्हणतात, ती पास झाली. विमा, पत्त्याचा पुरावा, दोन फोटोकॉपी जास्तीच्या. जुलैच्या दुसऱ्या आठवड्यात मी सगळी फाइल घेऊन वाहननोंदणीच्या कचेरीत गेलो.

खिडकीपलीकडे पन्नाशीच्या बाई होत्या. चष्मा साखळीला लटकलेला. एकेक कागद बघत त्यांनी माझी फाइल अशी उलटली की मला दहावीचा निकाल लागल्यासारखं वाटत होतं. मग जर्मन दाखला आला. त्यांनी तो वाकवून पाहिला. तो वाकला नाही.

"हे कोणी केलं?"

"मी."

"का?"

"जपायला."

त्यांनी चष्मा काढला. ब्रिस्टलची जुनी माणसं अनोळखी माणसालाही 'माय लव्हर' म्हणतात, त्यात काही भलतं नसतं. "जपलायस छान, माय लव्हर," त्या म्हणाल्या, "पण मला तो उघडा लागतो. कागद हाताला लागला पाहिजे, शिक्का उठतो का ते बघायला पाहिजे. आणि मूळ कागद आम्ही ठेवून घेतो. प्लास्टिकात बंद केलेला मला चालत नाही."

"उजेडात धरा, सगळं दिसतं," मी म्हटलं. आवाज जरा चढला असावा.

"दिसतं. दिसून उपयोग नाही."

मी बायकोची नोकरी, बुधवार, बस, सगळं सांगितलं. सांगायची माझी पद्धत नाही, पण सांगितलं. त्यांनी ऐकलं आणि एका चिठ्ठीवर लिहून दिलं: ज्या कचेरीने दाखला दिला, त्यांच्याकडून नवा. "बाकीची फाइल अशी क्वचित बघायला मिळते," त्या म्हणाल्या. "तेवढा एक कागद आण, आणि थेट माझ्या खिडकीवर ये."

घरी येऊन मी इस्त्री तापवायला ठेवली. प्लास्टिक उकलेल असं वाटलं. बायकोने प्लग काढला.

"कोपरा जळला तर त्या जर्मनांना काय दाखवणार?"

मी इस्त्री परत कपाटात ठेवली. ती समोर बसली. चिडेल असं वाटलं होतं. आठ महिने वाट पाहून मिळालेली नोकरी माझ्या एका मशीनने घालवत आणली होती. पण ती टेबलावरची फाइल बघत म्हणाली, "लग्नाचं सर्टिफिकेटही प्लास्टिकात घातलंयस. म्हणजे तेही रद्द का?"

"बघू. चौकशी करतो."

"कर. मला कळव."

हसू आलं दोघांनाही. मग ती उठून गेली आणि बराच वेळ बाथरूमचा नळ वाहत राहिला.

रविवारी अण्णांचा फोन असतो. मी ठरवून सांगणार नव्हतो, पण त्यांनी गाडीचं विचारलं. सांगितलं.

"म्हणजे ते लोक कागद हातात घेऊन बघतात?" अण्णा म्हणाले.

"हो."

"आमच्याकडे बघत नव्हते रे. लांबूनच, मळका आहे, जा म्हणायचे. चांगली कचेरी आहे ती. त्यांना पाहिजे तसा दे आणून."

आणून देणार कसा? जर्मन कचेरीला फोन केला तर तिथल्या माणसाने सांगितलं, लॅमिनेट केलेला दाखला आमच्याकडेही बाद. खराब झालेला परत करा, नवा मिळेल, पण हजर राहून, नाहीतर अधिकारपत्र देऊन कोणाला तरी पाठवून. मला तिथे जाऊन यायला रजा नव्हती. त्या गावात माझं कोण? एक घरमालकीण. सत्तरीच्या बाई, एकट्या. दोन वर्षांत मी त्यांच्याकडे मिठाचा कण मागितला नव्हता, मुद्दामच. जिन्यात भेटलो की नमस्कार, इतकंच. त्या मला अहोजाहो करायच्या, मीही.

फोन हातात घेऊन मी दहा मिनिटं उभा होतो. बायको मुलीला भरवत होती. तिचा चमचा थांबला होता. मी नंबर फिरवला.

"लॅमिनेट?" बाई म्हणाल्या. "तुम्ही इंजिनिअर ना?"

"हो."

"हं. कचेरी गुरुवारी दुपारी उघडी असते. मी जाईन. तो खराब दाखला, तुमच्या खऱ्या सहीचं अधिकारपत्र आणि पासपोर्टची प्रत पाठवा. आणि मेहेरबानी करून ते प्लास्टिकात घालू नका."

त्या गुरुवारी गेल्या. रांगेत दोन तास थांबल्या, हे त्यांनी नंतर ख्रिसमसच्या कार्डात लिहिलं, तेही तक्रार म्हणून नाही, तिथे खुर्च्या चांगल्या आहेत हे सांगायला. नवा दाखला कुरिअरने जुलैच्या शेवटच्या आठवड्यात आला. मी तो हातात धरला. एवढा हलका होता की भीती वाटली. दोन पुठ्ठ्यांमध्ये घालून कचेरीत नेला.

चष्म्याच्या साखळीवाल्या बाईंनी कागद बोटांनी चोळला, शिक्का बघितला, मान डोलावली. मग त्यांचा एक माणूस माझ्याबरोबर बाहेर येऊन बॉनेट उघडून चासिस नंबर ताडून गेला. सोमवारी सकाळी पोस्टाने नंबर आणि टॅक्सची गोल चकती आली. मंगळवारी गॅरेजवाल्याने पाट्या बसवल्या, पुढे पांढरी, मागे पिवळी. विमा नव्या नंबरावर चढवला. संध्याकाळी बायकोने दोन फेऱ्या मारल्या. बाजूच्या सीटवर मी, म्हणजे इथल्या ड्रायव्हरच्या जागी, आणि समोरून येणारा प्रत्येक जण माझे हात कुठे आहेत ते बघत होता.

"पेपर वाचत बस," ती म्हणाली. "मजा येईल लोकांना."

बुधवारी सहाला ती निघाली. मी काही मोठं बोललो नाही. आरसे नीट लाव, एवढंच. आठला दहा मिनिटं असताना फोन आला.

"पोचले. फाटकातलं तिकिटाचं मशीन उजवीकडे, मी डावीकडे. उतरून, गाडीला वळसा घालून मशीनपाशी जावं लागलं. मागचा हॉर्न वाजवत होता."

"मग?"

"मग काय, खाली आला, माझ्याकडे बघितलं, तिकीट काढून हातात दिलं. तो इथला कन्सल्टंट, म्हणजे वरचा डॉक्टर, निघाला. माझाच. म्हणाला, उद्यापासून पाच मिनिटं लवकर ये, मी पुढे असेन, तुझंही तिकीट काढून देईन."

मागे कोणीतरी तिला डॉक्टर म्हणून हाक मारली. ठेवते, म्हणाली. मी मुलीला बूट घातले आणि तिला नर्सरीत सोडायला पायी निघालो.