यादीतली खिडकी

जुनी वर्तमानपत्रं जमवायचा नाद मला तीस वर्षं आहे. त्यातही राजकीय तुरुंगवासाच्या बातम्या असलेली. बायको म्हणते, "लोक रद्दी विकतात, आमचे हे विकत आणतात." म्हणू दे. त्या पिवळ्या कागदाचा वास आला, की मला कोल्हापुरातली आमची जुनी पडवी दिसते आणि मांडी घालून पेपर वाचणारे बाबा.

बाबा आणीबाणीत तुरुंगात होते. तेव्हा धरलेल्यांची नावं छापायची सोय नव्हती. सगळे सुटल्यावर कोल्हापूरच्या एका दैनिकानं यादी छापली, त्यात बाबाही होते. आईनं तो अंक माळ्यावर जपून ठेवला आणि पुढच्या उन्हाळ्यात चटणीच्या मिरच्या वाळवायला नेमका तोच अंथरला! बाबा नुसते हसले. मी मात्र ते गेल्यापासून तो अंक शोधत होतो. त्यांचं छापलेलं नाव एकदा डोळ्यांनी बघायचं होतं, बस्स.

गेल्या वर्षी कळलं, मुरगूडला एका आजींकडे तो अंक आहे. त्यांचे यजमानही तेव्हा आत होते. एसटीनं गेलो. आजींनी आधी चहा पाजला, मग ट्रंकेतून अंक काढला. यादी दोनदा वाचली. बाबांचं नाव नव्हतं. मधोमध कात्रीनं कापलेली बोटभर खिडकी होती. मला संतापच आला.

"हे कापलं कुणी?"

"म्याच. ह्येंचं नाव हाय न्हवं त्यात. देवात ठेवलंय की."

त्यांनी देवघरातून पितळी डबी आणली. आत हळदीनं माखलेला कागदाचा तुकडा, त्यावर दोन नावं. वरचं त्यांच्या यजमानांचं, खालचं बाबांचं.

"हे माझे वडील," मी खालच्या नावावर बोट ठेवलं.

"व्हय? एकाच कोठडीत हुतं की दोघं! म्हणून तर संगट कापलं. त्येस्नी येगळं कसं करायचं, पावणं? रोज दोघांस्नीबी फूल घालतीया." आजींनी डबी माझ्यापुढं सरकवली. "तुमचं बाबा हायती. न्या की."

माझ्या घरी बाबांच्या फोटोला प्लॅस्टिकचा हार आहे. दसऱ्याला पुसतो.

आजींच्या परसातलं एक जास्वंद तोडून आणलं, त्या दोन नावांवर वाहिलं आणि डबी परत त्यांच्या देवात ठेवली.