आईनं पाहिलेला निळा रंग

आईच्या उजव्या डोळ्यातला मोतीबिंदू काढला. डावा तिनं तसाच राहू दिला होता. ‘एका डोळ्यानं भागते,’ म्हणायची. डॉक्टरांनी आता सिनेमा पाहायला हरकत नाही म्हटल्यावर मी तिला राजेरजवाड्यांचा एक सिनेमा दाखवायला नेलं. मे महिना होता. खरं सांगायचं तर मला थिएटरातल्या गारव्याचाच मोह होता.

सिनेमा लांबलचक होता. देखणाही होता, त्यात वाद नाही. संगमरवरी पायऱ्या, पाण्यात सोडलेले दिवे, राणीच्या ओढणीवरची जर. कुठलंही दृश्य भिंतीवर टांगावं असं. पण त्या राजाराणीचं प्रेम काही माझ्यापर्यंत पोचेना. लढाईहून परतलेल्या माणसाच्या अंगरख्यालाही चुणी नव्हती. घाम तर कुणालाच येत नव्हता. राणी विरहात होती तेव्हा मी संध्याकाळच्या भाजीचा विचार करत होते.

आई मात्र खुर्चीत पुढे सरकून बसली होती. मध्येच ती तळव्यानं डावा डोळा झाकायची, मग उजवा, पुन्हा डावा.

“डोळा दुखून राहिला का?” मी हळूच विचारलं.

“नाही वं. ह्या डोळ्यानं तिचा घागरा निळा दिसते अन् त्या डोळ्यानं मातकट. एकच हाये ना तो?”

“एकच हाये.”

“मंग इतके वर्षं मी काय पाहून राहिली होती?”

मागून कुणीतरी गप्प बसायला सांगितलं. 

मध्यंतरात दिवे लागले, तेव्हा ती माझ्याकडे वळली आणि पडदा पाहत होती तसंच माझं तोंड पाहू लागली.

“तुह्या गालावर वांग आले. सांगितलं काहून नाही?”

“जुनेच हायेत ते.”

“मले आज दिसले,” ती म्हणाली आणि माझ्या हातातला पॉपकॉर्नचा पुडा घेऊन खाऊ लागली. मला थोडं अवघडल्यासारखं झालं. थोडाच वेळ, मग सिनेमा सुरू झाला.

शेवटी राणी मेली. शेजारची बाई डोळे पुसत होती. आई म्हणाली, “उजेड किती छान पडला होता खिडकीतून!”

घरी येताना ऑटोत तिनं आपणहून दुसऱ्या डोळ्याचा विषय काढला. तेही ऑपरेशन झालं, नीट झालं. पुढे तो सिनेमा टीव्हीवर लागला, म्हणून मी तिला हाक मारली. ती आली, थोडा वेळ उभ्या उभ्याच पाहिला.

“हे बाई उगाच रडते. आधीच बोलून टाकलं असतं तर काय बिघडलं असतं?” असं म्हणून ती गच्चीवर वाळत घातलेले कपडे आणायला गेली.

मी एकटीच बसून राहिले. दुसऱ्यांदाही कंटाळाच आला, पण राणीचा निळा घागरा पुन्हा दिसेल म्हणून टीव्ही बंद केला नाही.