पिवळा ड्रेस

लेकीच्या नव्या ड्रेसचा कोरा वास आला आणि माझी मान खाली गेली.

मी शाळेत होते तेव्हा वाडीतल्या आमच्या युवा केंद्रात एके दिवशी देणगी देणारे पाहुणे येणार होते. आईनं मला नवा पिवळा ड्रेस शिवला आणि पोचवायलाही आली. केंद्रातल्या ताई हळूच म्हणाल्या, "अगं, रोजचाच घाल ना. पाहुण्यांना आपली परिस्थिती दिसायला हवी."

आई घरून विटका ड्रेस घेऊन आली. तो घालून मी पहिल्या रांगेत बसले. फोटो निघत होते, तोवर आई नवा ड्रेस पोटाशी धरून दारात उभी होती. तेव्हा मला लाज वाटली ती त्या नव्या ड्रेसची.

परतताना ती एवढंच बोलली, "मले वाटलं, पाहुणे येऊन राहिले तं चांगलं घालाव लागते, वं."