स्पंजाचं विरजण

मेनरोडवरच्या शोभेच्या माशांच्या दुकानात भाऊ नवा स्पंज तोंडाला लावायचे आणि जोरात फुंकायचे. पलीकडे धरलेल्या हाताला फुंकर लागली, तरच तो स्पंज पास. "वाऱ्याला वाट नाही, तिथे पाण्याला कुठली?" असं म्हणत ते नापास स्पंज जागेवर ठेवायचे. दुकानदार कपाळाला हात लावायचा आणि शेजारीण म्हणून सोबत गेलेली मी रस्त्याकडे बघत उभी राहायचे.

नव्वदच्या दशकातली ही गोष्ट. सातपूरला ते आमच्या समोर राहत आणि कारखान्यात पाळीला जात. घरी माशांची टाकी होती. टाकीतल्या छोट्या मोटरीला, म्हणजे पॉवरहेडला, पाणी गाळायला काय लावावं याचा त्यांना ध्यास लागला होता. कापूस सारखा फेकावा लागे, आणि फेकणं त्यांच्या रक्तातच नव्हतं. सोफ्याचा फोम लगेच तुंबला. भांड्यांच्या घासणीतून सगळा कचरा आरपार गेला. शेवटी मोठ्या भोकांचा काळा स्पंज सापडला, तेव्हा मुलीचं लग्न ठरल्यासारखी बातमी त्यांनी गल्लीभर सांगितली.

हा स्पंज ते कधी नळाखाली धरत नसत. टाकीतलंच पाणी बादलीत काढून त्यात दोनदा पिळायचे की झालं. एवढा कळकट स्पंज परत आत घालताना बघून मी एकदा नाक मुरडलं. ते म्हणाले, "वहिनी, विरजण कोणी धुतं का? या मळातले जंतूच पाणी चांगलं ठेवतात, त्यावरच मासे जगतात."

पुढे त्यांच्याच आग्रहाने आमच्याकडे टाकी आली, तेव्हा त्या स्पंजाचा अर्धा तुकडा ते विरजण म्हणून वाटीत घालून घेऊन आले.

त्यांच्या टाकीतले दोन सोनेरी मासे मुलीने कॉलेजात असताना आणले होते. ती लग्न होऊन सटाण्याला गेली आणि मासे मागे राहिले. भाऊ घरी आले की आधी टाकीपाशी जात. मुलीची आठवण येते असं त्यांनी कधी म्हटलं नाही, पण तुम्ही-आम्ही काय आंधळे असतो?

मग तिचा दिवाळसण आला. जावई पहिल्यांदा राहायला येणार म्हणून त्यांच्या बायकोने, म्हणजे ताईंनी, घर घासूनपुसून काढलं. दिवाळीची आवराआवर तुम्हाला ठाऊक आहे, तीत विजेच्या वायरीसुद्धा सुटत नाहीत. भाऊ कामावर असताना ताईंनी तो स्पंज सोडा घालून उकळला, स्वच्छ खळबळून वाळवला आणि हौसेने परत बसवला. दोन-तीन दिवसांत मासे वर येऊन धापा टाकू लागले.

भाऊ बायकोला एका शब्दाने बोलले नाहीत. रिकामी वाटी घेऊन आमच्या दारात उभे राहिले. "वहिनी, तुमच्या स्पंजातला तुकडा द्या. पोरगी चार दिवसांत येईल, आधी टाकीकडेच जाईल." मी स्पंज कापला. त्यांनी रोज थोडं थोडं पाणी बदललं. मासे वाचले. मुलगी आली तेव्हा काचेला नाक लावून बसली आणि भाऊ फराळाचं ताट हातात धरून तिच्याकडेच बघत राहिले.

काही वर्षांनी भाऊ अचानक गेले. मासे त्याआधीच म्हातारे होऊन गेले होते. ताईंनी टाकी रिकामी करून माळ्यावर टाकली. समोरचं दार उघडं दिसलं की मला अजून चुकल्याचुकल्यासारखं होतं.

मागच्या उन्हाळ्यात त्यांची मुलगी माहेरी आली होती. संध्याकाळी ती आमच्या दारात आली, तिच्या हातात वाटी होती. तिच्या लेकासाठी सटाण्याला टाकी घेतली होती. मी आमच्या टाकीतला स्पंज काढून अर्धा कापला. इतकी घाण वस्तू माहेरवाशिणीच्या हातात कशी द्यायची म्हणून तो तुकडा नळाखाली धरायला निघाले, तर तिने माझा हात धरला.

"राहू द्या, काकू. विरजण कोणी धुतं का?"

मी तुकडा वाटीत ठेवला, वर टाकीतलं थोडं पाणी घातलं आणि ताटली झाकून दिली.