हार्नेस, एक नग

मी लिबियाला निघालो त्या दिवशी अण्णांनी मला स्वतःच्या टांग्यातून नाशिकरोड स्टेशनवर सोडायचा हट्ट धरला. पंचवटीतून बस होती, रिक्षाही होत्या, मी तसं तीनदा सांगितलं. ऐकतील तर ते अण्णा कसले. जन्मभर लोकांना स्टेशनवर पोचवलं आणि पोटचा पोरगा रिक्षाने जाणार, हे त्यांना पटेना. द्वारका चौकापाशी घोडीला पाणी पाजायला थांबले, पुढे कुणी ओळखीचा भेटला म्हणून थांबले, आणि मी घड्याळाकडे बघत नुसता चरफडत होतो. फलाटावर त्यांनी एकच विचारलं, "काम वर चढायचं नाय ना?"

माझा धाकटा काका बांधकामाच्या परांचीवरून पडून गेला होता. मी म्हणालो, "नाही हो अण्णा, टेबलावरचं काम आहे." सातपूरच्या कारखान्यात वेल्डिंग करणाऱ्याला परदेशात टेबल कोण देणार, हे त्यांनी विचारलं नाही आणि मी सांगितलं नाही.

वाळवंटात एका तुर्की ठेकेदाराचा कॅम्प होता. आमच्या वाट्याला आली पाण्याची टाकी, लोखंडी खांबांवरची, मान दुखेल एवढी उंच. कमरेला दोरखंड गुंडाळायचा, वर चढायचं आणि जोड मारायचे. पहिल्याच आठवड्यात मी स्टोअरमध्ये जाऊन कमरेवर हात ठेवून पट्टा मागितला. स्टोअरकीपर होता रेमझी आबी. आबी म्हणजे थोरला भाऊ, तिकडे वडीलधाऱ्या माणसाला सर्रास म्हणतात. त्याने खुणा बघितल्या, हसला, आणि कागद पुढे सरकवला. नियम होता: मागणी इंग्रजीत, लेखी. सातपूरला भिंतीवरच्या एका तक्त्यात मी एक शब्द वाचला होता, तो मोठ्या ऐटीत लिहिला. हार्नेस, एक नग.

आता हा इंग्रजांचा शब्द म्हणजे धर्मशाळा आहे, हे मला काय ठाऊक. घोड्याला बांधतात तो हार्नेस, माणसाला बांधतात तोही हार्नेस, मोटारीतल्या तारांची जुडी म्हणजेही हार्नेस, आणि नदी अडवून वीज काढली तरी तेच. रेमझी आबीने डिक्शनरी उघडली, सगळ्यात पहिला अर्थ उचलला आणि मागणी इस्तंबूलला धाडली.

तीन महिने आम्ही दोरखंडावर काढले. मग एक लाकडी पेटी आली. फळी उचकटली तसा आधी वास आला, नव्या कातड्याचा, तेलाचा. आत घोड्याचा अख्खा साज होता. लगाम, छातीपट्टा, घोड्याच्या पोटाखालून आवळायचा तंग, पितळी घुंगरं आणि दृष्ट लागू नये म्हणून निळे मणी. दोनशे मैलांत घोडा नव्हता. टांगेवाल्याच्या पोराने समुद्रापार जाऊन काय मागवलं, तर साज.

मी संतापून कमरेला दोरी गुंडाळली, लोंबकळून दाखवलं. रेमझी आबीने कपाळावर हात मारला. "हा, केमेर!" केमेर म्हणजे पट्टा. केमेर, कमर, कंबर. अरे गृहस्था, शब्द घरातलाच होता. दोघांनी आपापल्या भाषेत तोंड उघडलं असतं तर पहिल्याच दिवशी जमलं असतं. मध्ये इंग्रजी कडमडली, जी ना त्याच्या बापाची ना माझ्या.

डिक्शनरीतला तो तुर्की शब्द होता कोशुम. तो कोशपासून आला, असं त्याने हातवारे करून समजावलं. कोश म्हणजे पळ, आणि कोश म्हणजेच जुंप. आमचा मुकादम दिवसभर "कोश, कोश" म्हणून ओरडायचा. कोणत्या अर्थाने, हे विचारायची गरजच नव्हती. घरून पळालो होतो आणि इथे जुंपलो होतो, दोन्ही एकाच शब्दात आलं.

केमेरची नवी मागणी पुन्हा लेखी, पुन्हा इस्तंबूल. तेवढं थांबायचं माझ्यात त्राण नव्हतं. अण्णा आपला साज घरीच शिवायचे, ते बघून हात तयार होता. मी साजाचा तंग कापला, पितळी कड्या काढल्या आणि स्वतःचा पट्टा शिवला. पंधरा दिवसांत पाय सटकला. पट्टा टिकला. मुकादमाने मला वर ओढलं, आणि त्या संध्याकाळी मी घरी पत्र लिहिलं की टेबलाजवळ आता पंखा बसवलाय.

जे माझ्यासारखे बाहेर पडले, त्यांना हे पंखे ठाऊक आहेत. आणि जे मागे राहिले, त्यांनी ती पत्रं शेजारीपाजारी वाचून दाखवली. कोण कोणाला फसवत होतं, देव जाणे.

दोन वर्षांनी सुट्टीवर आलो तेव्हा उरलेला साज घेऊन आलो. रेमझी आबीने तो मोडीत काढून मला दिला होता. अण्णा हरखले. ओसरीवर बसून एकेक पट्टा हातातून फिरवू लागले. मग हात थांबला.

"तंग कुठंय?"

"नव्हताच."

"कापलाय. हे बघ, सुरी चाललीय." माझ्याकडे न बघता म्हणाले, "कशाला कापलास?"

माझा हात आपसूक कमरेवर गेला. आई दारात येऊन उभी राहिली. अण्णांनी साज बाजूला ठेवला.

"किती उंच?"

मी खरं सांगितलं. वाटलं, आता आकाशपाताळ एक करतील. ते उठले, सुतळी घेऊन आले आणि म्हणाले, "हात वर कर."

"अण्णा, आता कंपनीने नायलॉनचे पट्टे दिलेत. चांगले आहेत."

"कर म्हणतो ना."

त्यांनी माझी छाती मापली, मग कंबर, मग खांद्यावरून पाठीपर्यंत. प्रत्येक मापाला सुतळीला गाठ मारत होते. मला राग आला होता, त्यांचा, माझा, त्या डिक्शनरीचा. घर म्हणजे काय, असं आता कोणी विचारलं तर मला एवढंच सांगता येतं: आपण किती उंचावर चढतो हे ज्यांच्यापासून लपवावं लागतं, ती माणसं राहतात ती जागा.

"श्वास घे," अण्णा म्हणाले. मी घेतला. "आता सोड."